सोनाजी गुरुजींचा अंगठा

हिंगोलीहून वाशिमकडं जाताना कनेरगाव नाका लागतो. तिथं उतरून सोनाजी गुरुजींचं घर विचारलं, तर हॉटेलवाला हातातली किटली तशीच धरून घर दाखवतो आणि लगेच बजावतो, "जा, पण पाया-बिया पडू नका बरं. गुरुजींना चालत न्हाई."

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून, शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून निवृत्त झालेला हा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, पायात काळे बूट आणि काळे मोजे. वैशाखात डांबर पातळ होऊन चपलांना चिकटायला लागलं तरी गुरुजींचे मोजे पायातच. लोक म्हणत, याला म्हणतात शिस्त. शिस्त कसली! उजव्या मोज्याच्या आत एक नख होतं, आणि ते नख गुरुजींनी नऊ वर्षं जगापासून लपवून ठेवलं होतं.

नखाची सुरुवात हळदीच्या वावरात झाली. गुरुजींची दीड एकर हळद. पहाटे लाइट आली की ते अनवाणी चिखलात उतरून पाणी धरायचे, आणि नऊ वाजले की तसेच ओलसर पाय मोज्यांत कोंबून शाळा गाठायचे. एके सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्याला उजवा अंगठा सणसणीत ठेचला. नख काळं पडलं. काळ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं जाड झालं, आणि वर्षभरात त्याचा असा काही आकार झाला की त्याला नख म्हणायला मन धजेना. कापायला गेलं तर नेलकटरचं तोंड त्यावर बसेना. खालून पिठासारखा भुसा पडायचा तो वेगळाच.

नीलाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, ते पहिल्यांदा उजेडात नीट पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला. "आवं, हे नख हाय का हळकुंड?"

त्या दिवसापासून घरात त्याचं नावच हळकुंड पडलं. गुरुजींनी त्याच्यावर लिंबू चोळून पाहिलं, खोबरेल तेल लावून पाहिलं, मेडिकलमधून आणलेली खरजेची ट्यूब संपवली. हळकुंड जागचं हललं नाही. नीलाबाई म्हणायच्या, "डॉक्टरला दाखवा की. काहून लाजून राहिले?" गुरुजी म्हणायचे, "अंगठा दाखवायला डॉक्टरकडं जायचं? लोक काय म्हणतील?" मुलांना आरोग्याचे धडे शिकवलेल्या माणसाला स्वतःचा पाय उघडा करायची चोरी झाली होती.

तिसऱ्या वर्षी गुरुजी निवृत्त झाले आणि तिथं या गोष्टीला पाय फुटले.

निरोप समारंभ शाळेच्या पटांगणात होता. सूत्रसंचालन दिपककडं. दिपक गुरुजींचा जुना विद्यार्थी. नाक्यावर त्याचं खत-बियाणांचं दुकान. माइक हातात आला की त्याला खाली ठेवायची आठवण राहत नसे. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि दिपकनं कोणाला न विचारता जाहीर केलं, "आता आपण सगळे मिळून गुरुजींची पाद्यपूजा करणार आहोत!"

पाट मांडला गेला. पितळी परात आली. तांब्यात गुलाबाच्या पाकळ्या तरंगत होत्या. सातवीच्या दोन मुली गुरुजींच्या बुटांपाशी बसून लेस सोडायला लागल्या. गुरुजींच्या अंगाला दरदरून घाम सुटला. समोर चारशे माणसं, त्यांत गटशिक्षणाधिकारी, आणि एका मोज्याच्या पलीकडं हळकुंड.

"थांबा!" गुरुजी ताडकन उठले. मुली दचकून मागं सरकल्या. गुरुजींनी दिपकच्या हातातला माइक ओढून घेतला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. जीव वाचवायचा एवढंच ठरलेलं होतं. "लेकरांनो, माझे पाय धुवून तुमचं काय भलं होणार हाय? माझ्या पायांत बघण्यासारखं काहीही न्हाई! खरं सांगतो, काही न्हाई! वाकायचंच असेल तर पुस्तकावर वाका. आजपासून माझ्या पायाला कोणी हात लावायचा न्हाई. ही माझी तुमाला शेवटची आज्ञा!"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झाडावरचे पारवे उडाले. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. परातीतलं पाणी गुरुजींच्याच सांगण्यावरून निंबाच्या झाडाला घातलं. दोन दिवसांनी पेपरात आतल्या पानावर चौकट आली: पाद्यपूजा नाकारणारे गुरुजी.

नीलाबाईंनी ती चौकट दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हळकुंडाचं नशीब बघा. पेपरात आलं."

त्यानंतर गुरुजींची सुटका नव्हती. दिपकनं माजी विद्यार्थ्यांचा व्हाट्सअॅप ग्रुप काढला आणि पहिला नियमच लिहिला, गुरुजींच्या पाया पडू नये. ज्यांना माहीत नसे ते वाकत, आणि गुरुजी साठीच्या वयात कोंबड्यासारखी टुणकन मागं उडी मारत. लोक म्हणत, केवढी ही विनम्रता! खोटं कशाला बोला, पहिली एक-दोन वर्षं गुरुजींना ते आवडलंसुद्धा. पण हळूहळू आत काहीतरी टोचायला लागलं. पुण्याहून, औरंगाबादहून मोठी झालेली पोरं भेटायला यायची. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून "मोठा हो" म्हणायला गुरुजींचा हात आपोआप वर व्हायचा, आणि समोरचं पोरगं ताठ उभं राहून नमस्कार करायचं. वर गेलेला हात मग गुरुजी स्वतःच्याच डोक्यावरून फिरवून खाली घ्यायचे.

अशी नऊ वर्षं भरली आणि मंजुषानं हिंगोलीत दवाखाना टाकला.

मंजुषा गुरुजींचीच विद्यार्थिनी. चौथीत असताना फळ्यावर गुरुजींनी लिहिलेला शब्द चुकला आहे असं उभं राहून सांगणारी. आता कातडीच्या रोगांची डॉक्टर झाली होती. उद्घाटनाची फीत गुरुजींच्याच हातून कापायची असा तिचा हट्ट. गुरुजी नवा सदरा घालून गेले. दवाखान्याच्या दाराशी पाटी होती: पादत्राणे बाहेर काढावीत. गुरुजींनी बूट काढले. मोजे होतेच, म्हणून ते निर्धास्त होते. पण जाड नखानं मोजे आतून कुरतडायचं काम कधीच थांबवलं नव्हतं. फीत कापून गुरुजी वळले, मंजुषा नमस्काराला वाकली, गुरुजींनी सवयीनं मागं उडी मारली, आणि गुळगुळीत फरशीवर मोजा मागं ओढला गेला. त्याच्या भोकातून हळकुंड बाहेर डोकावलं.

मंजुषा वाकलेलीच राहिली. तिनं वर पाहिलं नाही. दोन क्षण खालीच पाहून ती सरळ झाली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, पेढा घ्या. आणि गुरुवारी दुपारी या. दुपारी गर्दी नसते."

"कशाला?"

"तुम्हाला माहितीय कशाला."

गुरुजींनी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.

गुरुवारी ते गेले, पण एकटे जायचा धीर नव्हता म्हणून नीलाबाईंना घेऊन. मंजुषानं नखाचा थोडा भुसा खरवडून काचपट्टीवर घेतला, आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि परत आली. "बुरशी आहे, गुरुजी."

"बुरशी? शिळ्या भाकरीला येते ती?"

"तिच्याच भावकीतली."

गुरुजींचा चेहरा पडला. नीलाबाई म्हणाल्या, "म्या म्हणलं नव्हतं? ओल्या पायानं मोजे घालत जाऊ नका म्हणून चौतीस वर्षं बोंबलून राहिले."

मंजुषानं सगळं समजावलं. गोळ्या असतात, पण त्या काही महिने घ्याव्या लागतात आणि गुरुजींचा यकृताचा जुना रिपोर्ट पाहता तिला ते नको होतं. त्यापेक्षा लेझर करू. दर दीड महिन्यानं एकदा, असे चार वेळा, आणि सोबत नखाला लावायचं औषध. "पण एक आधीच सांगते. लेझरनं सगळ्यांचंच बरं होतं असं नाही. आणि झालं तरी खराब नख लगेच गळून पडणार नाही. मुळापासून नवीन नख वाढत पुढं यायला वर्ष-सव्वा वर्ष लागेल."

"हळदीपेक्षा जास्त?" गुरुजींनी विचारलं.

"हळदीपेक्षा जास्त."

पहिल्या दिवशी गुरुजी पलंगावर असे आडवे झाले, जणू पाय परत मिळणार नाही. मंजुषानं त्यांच्या चष्म्यावर एक मोठा हिरवा चष्मा चढवला, स्वतः घातला, एक नीलाबाईंनाही दिला. तिघंही वेल्डिंगच्या दुकानात बसल्यासारखे दिसत होते. "गरम लागेल. फार लागलं तर सांगा," मंजुषा म्हणाली. यंत्र टकटक करायला लागलं. चुकून तव्याला बोट लागावं तसा चटका एकदा, दोनदा, दहादा. विद्यार्थिनीसमोर हाय म्हणणं गुरुजींना शक्य नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांत एक म्हातारे होते. ते शेजारणीला म्हणाले, "डॉक्टरीणबाई शिकून राहिली का अजून?"

गुरुजी घरी आले ते पथ्यांची यादी घेऊन. जुने बूट टाकून द्यायचे. मोजे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. पाय धुतले की बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे. वावरात पाणी धरायला गमबूट. नीलाबाईंनी मोजे चुलीवर पातेल्यात उकळले आणि वर झाकण ठेवलं. त्या वेळी आलेल्या शेजारीण नानीबाईंनी विचारलं, "काय शिजवून राहिली व, नीला?" नीलाबाई म्हणाल्या, "काही न्हाई, ह्यांचं पथ्याचं हाय." नानीबाईंनी झाकणाकडं आदरानं पाहिलं.

पण गुपित राहिलं तरी कुजबुज राहत नाही. मंजुषाच्या दवाखान्याबाहेर भलामोठा फलक होता: लेझरने नको असलेले केस व गोंदण काढून मिळेल. नाक्यावरच्या कोणीतरी गुरुजींना त्या दारातून दोन-तीनदा बाहेर येताना पाहिलं. केस काढावेत तर गुरुजींच्या डोक्यावर मुळात मोजके. राहिलं गोंदण. बातमी फिरत फिरत बचत गटाच्या बैठकीत पोचली आणि नानीबाईंनी सगळ्या बायांसमोर विचारलं, "नीला, गुरुजी गोंदलेलं पुसून राहिलेत म्हणं. कोणाचं नाव व्हतं गं?"

नीलाबाई पिशवीत पासबुक घालत शांतपणे म्हणाल्या, "माझंच व्हतं. आता पाठ झालं म्हणून पुसून राहिले."

चौथ्या लेझरनंतर नखाच्या मुळाशी उंदराच्या कानासारखी गुलाबी कड दिसायला लागली. मंजुषानं अंगठा उजेडात धरून पाहिला आणि हसली. गुरुजींनी त्या दिवसापासून दर रविवारी पट्टी लावून नख मोजायला सुरुवात केली. तीन मिलिमीटर. साडेचार. सहा. नीलाबाई म्हणायच्या, "पोरगं वाढताना कवा एवढं मोजलं न्हाई तुमी." जुना पिवळा भाग पुढं पुढं सरकत गेला, गुरुजी तो थोडा थोडा कापत गेले, आणि चौदाव्या महिन्यात एका सकाळी नेलकटरमधून हळकुंडाचा शेवटचा तुकडा उडाला तो थेट तुळशीत. मागं राहिलं ते नख. साधं, गुलाबी, लहान लेकराच्या नखासारखं.

गुरुजी त्याच दिवशी हिंगोलीला गेले आणि पुढून उघड्या कोल्हापुरी चपला घेऊन आले. पायातले मोजे त्यांनी दुकानातच काढून खिशात घातले.

महिन्या-दीड महिन्यात गुरुपौर्णिमा आली. गुरुजी ओसरीत खुर्ची टाकून बसले. उजवा पाय जरा पुढं. दहा वाजल्यापासून विद्यार्थी यायला लागले. प्रत्येकजण फूल द्यायचा, हात जोडायचा आणि तीन फुटांवर ताठ उभा राहायचा. गुरुजींनी पाय आणखी पुढं केला. एकजण त्याला अडखळला आणि माफी मागून बाजूला झाला. गुरुजींनी हातातलं पेन मुद्दाम खाली पाडलं. पोरगं वाकलं, पेन उचललं, पुसून गुरुजींच्या खिशाला लावलं आणि ताठ झालं.

दुपारी सुट्टीवर आलेला एक फौजी सरळ ओसरीत शिरला आणि वाकला. गुरुजींचा हात वर झाला. तेवढ्यात दिपकनं मागून त्या फौजीचं बखोट धरलं. "अरे अरे! गुरुजींना चालत न्हाई!"

"असू दे रे, दिपक," गुरुजी घाईनं म्हणाले. "आजच्या दिवस असू दे."

"बघा!" दिपक सगळ्यांकडं वळून म्हणाला. "कोणाचं मन मोडवत न्हाई गुरुजींना. पण तुमी काळजी करू नका गुरुजी, आमी आहोत ना."

संध्याकाळी गुरुजी जेवले नाहीत. "नीला," ते म्हणाले, "चौदा महिने चटके खाल्ले. आणि अंगठ्याकडं कुत्रं बघत न्हाई."

"मग सांगून टाका खरं," नीलाबाई म्हणाल्या. "एवढं काय त्यात? नखच व्हतं, खून तर न्हाई केला."

हे गुरुजींच्या मनात बसलं. दिवाळीच्या सुट्टीत मंजुषाच्या बॅचचा मेळावा होता. शाळा सोडल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून. दिपकही त्याच बॅचचा, तेव्हा माइक कोणाकडं होता ते सांगायला नको. मंडप भरला होता. गुरुजी बोलायला उठले आणि त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मोटारीच्या खोलीचा उंबरा, बुरशी, परात पाहून सुटलेला घाम, मोज्याचं भोक, लेझर. "तर लेकरांनो, मी कोणी विनम्र-बिनम्र न्हाई. माझं नख घाण व्हतं, म्हणून मी पाय लपवत व्हतो. एवढीच गोष्ट हाय."

पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "दाखवा बरं, गुरुजी."

गुरुजींनी उत्साहानं चप्पल काढली आणि पाय खुर्चीवर ठेवला. पाच-सहा जण पुढं येऊन वाकून पाहायला लागले. नख तुकतुकीत, गुलाबी. एखाद्या साबणाच्या जाहिरातीत शोभेल असं.

"यात काय वाईट हाय?" मघाचाच तो म्हणाला. "माझ्या नखापेक्षा चांगलं हाय."

"आता चांगलं हाय! आधी न्हवतं!"

दिपकनं माइक घेतला. त्याचा आवाज जड झाला होता. "मंडळी, बघा. आपला मोठेपणा झाकायला या माणसानं स्वतःच्या अंगठ्याला नावं ठेवली. याला म्हणतात गुरुजी!"

टाळ्या सुरू झाल्या. गुरुजींनी मंचावर बसलेल्या मंजुषाकडं केविलवाणं पाहिलं. "अगं, सांग ना तू!"

मंजुषा गोंधळली. "गुरुजी, पेशंटचं असं चारचौघांत सांगायचं नसतं आम्ही."

"ऐकलं?" दिपक म्हणाला. "गुरुजी तिचे पेशंटच न्हाईत, म्हणून काही सांगता येईना!" आणखी टाळ्या. नीलाबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

जेवणावळ उरकली. गुरुजी शाळेच्या मागच्या बाजूला हात धुवायला गेले तेव्हा दिपक त्यांच्या मागोमाग आला. आजूबाजूला कोणी नाही हे त्यानं दोनदा पाहिलं. त्याचा आवाज माइकवरचा नव्हता.

"गुरुजी, ते लेझरचं... खरंच असतं का तसं?"

"असतं की."

"माझ्या एका मित्राला तसंच हाय. दोन्ही अंगठ्यांना. मी त्याला म्हणलं, गुरुजींना विचारून बघतो."

"कुठला मित्र?"

"हितलाच, नाक्यावरचा."

"काय करतो?"

"खताचं दुकान..." दिपक बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

गुरुजींनी त्याच्या पायांकडं पाहिलं. पांढरे स्पोर्ट शूज, वर घोट्यापर्यंत जाड मोजे. बाकी सगळे मित्र मंडपात अनवाणी पंगतीला बसले होते. दिपक मात्र वाढपी झाला होता, आणि बूट पायातच होते. "मित्राला म्हणावं, गुरुवारी नऊच्या एसटीनं ये," गुरुजी म्हणाले. "मी असेन सोबत."

"ग्रुपवर टाकू नका, गुरुजी."

"न्हाई टाकत."

गुरुवारी दोघं एसटीत शेजारी शेजारी बसले. हिंगोलीपर्यंत दिपक बुटांच्या लेस घट्ट करत राहिला. दवाखान्यात मंजुषानं त्याच्या नखाचा भुसा काचपट्टीवर घेतला, आत जाऊन पाहिला आणि बुरशीच आहे म्हणून सांगितलं. दिपकला गोळ्या चालणार होत्या. लेझरची घाई नको, म्हणाली. तो चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आला. व्हरांड्यात गुरुजी चपला घालत होते. दिपक त्यांच्या अंगठ्याकडं बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे तुमी मेळाव्यात खरं बोलत व्हते."

"अरे, मग काय खोटं?"

"आणि मी माइकवर..."

"जाऊ दे रे. माइक हातात असला की तुला दुसरं काही सुचत न्हाई."

दिपकचा चेहरा कसानुसा झाला. तो खाली वाकला. आणि त्याची बोटं अंगठ्याला लागणार इतक्यात गुरुजींनी टुणकन मागं उडी मारली. इतक्या वर्षांची सवय पायांना. नख बरं झालं हे त्यांना कोणी सांगितलं होतं? दिपक वाकल्या जागी, हात अधांतरी, आणि गुरुजी दोन फूट मागं, भिंतीला टेकलेले.

मग गुरुजी पुढं आले, उजवी चप्पल नीट केली आणि पाय घट्ट रोवून उभे राहिले.

"थांब," ते म्हणाले. "उठू नको. परत एकदा."